पाय लाकडाला हवेत

वडनेर भोलजीच्या फाट्याजवळ, महामार्गाच्या कडेला, एका वेल्डिंगच्या दुकानात मी कागदावर चित्र काढून उभा होतो. चार पाय, दोन्हीकडे लांबवता येणारे दोन हात, मधे मशीन. मायटर सॉचा स्टँड. मागे नांदुऱ्याकडून मलकापूरकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते. हाच तो जुना 6 नंबरचा, आता 53 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. वेल्डिंगवाल्याने चित्र पाहिलं आणि शेजारी बिडी ओढत बसलेल्या सुतार मिस्त्रींकडे दिलं. मिस्त्रींनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“सर, मशीनले कायले पाय? मशीन तं बसते कुठंबी. पाय लाकडाले पाह्यजे.”

स्टँडबद्दल त्याआधी मी बरंच काही वाचलं होतं, पण एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. या लेखातलं बाकी सगळं म्हणजे त्याच वाक्याचा हिशोब आहे.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायटर सॉ म्हणजे वरून खाली येणारी गोल करवत. लाकूड एका सपाट बेडवर ठेवायचं, मागच्या उभ्या पट्टीला, म्हणजे फेन्सला, टेकवायचं, हँडल खाली दाबायचं. बेडखालचं कोनाचं तबक फिरवलं की 45 अंशाचा काट पडतो. फोटोची चौकट, खिडकीची जाळी, देव्हाऱ्याचं बीडिंग, दाराभोवतीची पट्टी, अशा ठिकाणी दोन तुकडे कोपऱ्यात तिरके भिडतात ते याच काटाने. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे याचाच भाऊबंद वापरतात. साध्या दहा इंची मशीनचं वजन 12 ते 15 किलो, म्हणजे गहू भरलेल्या डब्याएवढं. रोज वापरणाऱ्याला ते उचलायचा कंटाळा येतो, पण वर्षातून चार-सहा दिवस वापरणाऱ्याला नाही. स्टँड निवडताना हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

मिस्त्री म्हणाले त्याचं गणित मी घरी येऊन मांडलं. आठ फुटी सागाची पट्टी घ्या, तीन इंच रुंद, एक इंच जाड. कोरडा साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो, तेव्हा ही पट्टी तीन किलोच्या आसपास. तिच्या एका टोकाला 45 चा काट घ्यायचाय. टोक पात्याखाली, बाकीची पट्टी उजवीकडे. पात्यापासून बेडची कड साधारण 25 सेंटिमीटरवर असते. पट्टीचा मध्य मात्र 122 सेंटिमीटरवर, म्हणजे कडेच्या पलीकडे जवळजवळ एक मीटर. पट्टी कडेवर डोलायला लागते, टोक वर उठतं, आणि ते दाबून धरायला आपण डाव्या-उजव्या कुठल्या तरी हाताने जोर लावतो. हात पात्यापासून किमान सहा इंच लांब ठेवायचा हा नियम पाळला, तर दाबायला कडेच्या आत जेमतेम दहा सेंटिमीटर जागा उरते. तरफेचा हिशोब करा: तीन किलो गुणिले 97, भागिले 10. हाताला 29 किलोचा जोर लावावा लागतो. सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा जास्त, एका पंजाने, आणि शेजारी पातं फिरतंय.

ते पातं किती वेगाने फिरतं? दहा इंची पातं मिनिटाला 4,800 च्या आसपास फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी 230 किलोमीटर होतो. आमच्या भुसावळ-बडनेरा मार्गावर नांदुऱ्याहून धडधडत जाणारी कुठलीही मेल या वेगाच्या जवळपासही जात नाही. अशा पात्याजवळ 29 किलोचा जोर लावत उभं राहणारा माणूस दमतो, आणि दमला की हात आत सरकवतो. तिथेच घात होतो.

आता दुसरं टोक टेकलेलं असेल, पण उंची चुकलेली असेल, तर काय? समजा ते बेडपासून 1.2 मीटरवर टेकलंय आणि दोन सेंटिमीटरने खाली आहे. पट्टी एक अंशाने कलली. पातं सरळ आलं, पण लाकूड तिरकं होतं, म्हणून कापाची बाजू एक अंशाने चुकली. एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटतं. तीन इंची पट्टीला तिरका काट पावणेअकरा सेंटिमीटर लांबीचा पडतो. त्यात अर्ध्या अंशाचीही चूक झाली तर टोकाला जवळजवळ एक मिलिमीटरची फट राहते. चौकटीला काट आठ. प्रत्येकात अर्धा अंश गेला आणि सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंश जमा होतात आणि साडेसात मिलिमीटरची फट पडते. त्यात करंगळीचं नख मावतं. मग मिस्त्री लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून ती बुजवतो आणि आपण वरून पॉलिश मारतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.

म्हणून स्टँडचं खरं काम लाकडाची दोन्ही टोकं बेडच्या पातळीत धरणं हे आहे. मशीन उंचावर ठेवणं हे त्यातलं सोपं, स्वस्त काम.

बाजारात मिळणारे तयार स्टँड पाहिले की एक गोष्ट जाणवते. ते आपल्यासाठी बनलेलेच नाहीत. अमेरिकेत घरं लाकडाच्या सांगाड्यावर उभी राहतात. तिथे आठ, दहा, बारा, सोळा फुटी लाकडं रोज कापावी लागतात, आणि कंत्राटदार रोज नव्या ठिकाणी सामान घेऊन जातो. म्हणून तिथल्या स्टँडला सोळा फुटांपर्यंत लाकूड धरणारे हात, ट्रकमधून उतरवायला चाकं आणि एका हिसक्यात उघडणारे पाय. वडनेरात आपण काय कापतो? खिडक्यांना डासांची जाळी बसवायची तर त्याच्या चौकटी. देव्हारा. आजोबांच्या फोटोची चौकट. फार तर दाराभोवतीचं बीडिंग. दाराच्या चौकटी आता बहुतेक वेळा सुतार तयार आणतो किंवा लोखंडी बसवतात. सर्वात लांब पट्टी सात-आठ फूट. चाकांची गरज नाही, अंगणातून ओट्यावर न्यायचंय. नावाजलेल्या कंपनीचा असा स्टँड घ्यायला गेलं की त्याची किंमत साध्या मशीनच्या बरोबरीला येऊन बसते. वर्षातले चार दिवस कापणाऱ्याने दुसऱ्या मशीनएवढे पैसे तिपाईत घालावे, हे मला पटत नाही.

स्वस्तातला तयार स्टँड मी एकदा ऑनलाइन मागवला होता. कुठून, ते सोडून द्या. मशीनच्या पायाला असलेली चार भोकं आणि स्टँडच्या पट्ट्यांतल्या खाचा जुळेनात. खाचेत बोल्ट एका बाजूला गेला की दुसऱ्या बाजूला मशीन अर्धा इंच बाहेर. पाय फाकवले की खालच्या बिजागरीत झोल. हँडल सोडलं की पात्याचं डोकं स्प्रिंगने वर उसळतं, तो झटका स्टँडने खाल्ला आणि सगळं एक बोट पुढे सरकलं. परत पाठवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात दीडशे किलो भार पेलतो असं लिहिलं होतं. तो पेलतच असेल. वजन पेलणं आणि न हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजेवर चार माणसं बसतात, पण बाजेवर बसून सुईत दोरा ओवून पाहा.

न हलण्याचं रहस्य तिरप्या पट्टीत असतं. चौकोन कोपऱ्यात दाबला की समांतरभुज होतो, त्रिकोणाचा आकार मात्र बदलत नाही. म्हणून छताच्या कैचीत, विजेच्या टॉवरमध्ये, अगदी ऊस तोडायला आलेल्यांच्या झोपडीतही तिरप्या काठ्या असतात. तयार स्टँड पाहायला दुकानात गेलात तर किंमत विचारायच्या आधी उघडून त्याच्या वरच्या कडेला हात लावा आणि स्वतःकडे, मग बाजूला, असा हलवा. दोन्ही दिशांना हलत नसेल तरच पुढचं बोला. लांबीच्या दिशेला बहुतेक ठीक असतात. पुढे-मागे डुलतात. सरकता मायटर सॉ असेल, म्हणजे डोकं पुढे ओढून रुंद फळी कापणारा, तर हे डुलणं आणखी वाढतं. त्याचं वजन वीस किलोच्या वर जातं आणि डोकं पुढे ओढलं की भार पुढच्या पायांवर येतो. साधा दहा इंची सॉ सरळ कापात सुमारे पाच इंच आणि 45 मध्ये साडेतीन इंच रुंदी घेतो. घरच्या कामाला तो पुरतो, आणि स्टँडही हलका चालतो.

चार पायांचं आणखी एक दुखणं. खळ्यात धान्य उपणायला उभं राहायची तिवई कधी डगमगत नसे, कारण तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. चौथा पाय आला की भांडण सुरू. आमच्याकडची जमीन तर पूर्णा खोऱ्यातली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अंगणात मार्चमध्ये एका पातळीत बसलेला स्टँड जुलैमध्ये तिथेच ठेवला तर लंगडतो. म्हणून एका तरी पायाला वरखाली फिरणारा बूट हवा. तो नसेल तर पायाला मोठा बोल्ट आणि वेल्ड केलेलं नट लावून घ्यायचं, काम तेवढंच होतं. मातीवर काम करायचंच असेल तर प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा टाका. ओट्यावर जमलं तर सर्वात उत्तम.

मिस्त्रींनी मला सुचवलं ते म्हणजे दोन घोड्या आणि एक फळी. घोडी म्हणजे वर एक आडवं लाकूड आणि खाली इंग्रजी ए अक्षरासारखे फाकलेले चार पाय. रंगारी, गवंडी, मांडववाले सगळे वापरतात. दोन घोड्या आठ फुटी फळीखाली टोकापासून दीड-दीड फूट आत ठेवायच्या, मशीन फळीच्या मध्यावर. उंची अशी धरायची की ताठ उभं राहून हात खाली सोडले की मनगटाच्या आसपास मशीनचा बेड यावा. बहुतेकांना ती स्वयंपाकाच्या ओट्याच्या आसपास येते. घोडी तीस-बत्तीस इंची केली की हिशोब बसतो.

आपले जुने सुतार बसून काम करायचे. डाव्या पायाच्या अंगठ्याने लाकूड धरून करवत चालवायची, आणि त्यातलं कौशल्य पाहण्यासारखं असायचं. म्हणून आजही कित्येक कामांवर मायटर सॉ जमिनीवर फळी टाकून ठेवलेला दिसतो आणि मिस्त्री त्याच्यापुढे उकिडवा. हातकरवतीला ते शोभतं, कारण ती थांबवली की थांबते. बसल्यावर तोंड पात्याच्या उंचीला येतं, भुसा थेट डोळ्यात, आणि पाय सहज आडवा पडतो. उंचीसाठी स्टँड हवाय तो या कारणाने, पाठदुखी त्यानंतरची.

फळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथेच सगळे चुकतात. 19 मिलिमीटरची प्लाय, आठ फूट लांब, एक फूट रुंद. एका मोठ्या शीटमधून अशा चार निघतात. नुसती फळी दोन घोड्यांवर टाकून मधे मशीन ठेवलं की ती मधेच खोल जाते. मशीन मधे खाली, टोकं वर, म्हणजे आपण ज्यासाठी हा खटाटोप केला नेमकं तेच बिघडलं. उपाय शाळेतल्या फुटपट्टीने दाखवता येतो. आडवी धरून वाकवा, वाकते. उभी धरून वाकवून पाहा. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाने वाढतो. उंची दुप्पट तर ताठपणा आठपट. म्हणून फळीच्या खाली, दोन्ही लांब कडांना, तीन-तीन इंची उभ्या पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रूने मारायच्या. मग तीच फळी दरवाजासारखी ताठ होते. या पट्ट्यांना घोडीवर बसायला खाचा पाडल्या की फळी घसरतही नाही.

आता टेकू. मशीनचा बेड फळीपासून वर किती आहे ते मोजा. माझा 89 मिलिमीटर भरला. डाव्या-उजव्या बाजूला, मशीनपासून दोन-अडीच फुटांवर, तेवढ्याच उंचीचे ठोकळे हवेत. मी 19 च्या प्लायचे चार तुकडे एकावर एक चिकटवले, 76 झाले, वर बाराचा एक, 88. एक मिलिमीटर कमी. ते मुद्दाम. टेकू बेडपेक्षा केसभर खाली असला तर चालतो, एवढ्या अंतरावर तो अंशाचा किस भरतो. पण बेडपेक्षा वर असला तर लाकूड बेडवरून उचललं जातं, पात्याखाली ते अधांतरी राहतं, आणि कापताना दोन्ही अर्धे खाली बसून पात्याला चिमटा काढतात. पातं अडकतं, मशीन ओरडतं, लाकूड उडतं. आणि एक, बाजारातली 19 ची प्लाय पुष्कळदा 18 भरते. पाटीवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता चार तुकडे एकत्र धरून मोजा. कमी पडलं तर वर सनमायकाची चकती चिकटवा, ती एक मिलिमीटरची असते. सुताराकडे तिच्या तुकड्यांची पिशवी पडूनच असते.

पातळी तपासायला महागडी लेव्हल नको. गवंड्याचा सरळ ॲल्युमिनियमचा पट्टा बेडवरून दोन्ही ठोकळ्यांवर टाका आणि खालून उजेड दिसतो का पाहा. पट्टा नसेल तर एका ठोकळ्यापासून दुसऱ्यापर्यंत सूत ताणा. ते बेडला टेकलेलं हवं, मधून कागद सरकला तर ठोकळे उंच झालेत. पाण्याची नळी मात्र इथे कामाची नाही. ती दोन खोल्यांच्या भिंतीवर पातळी मारायला उत्तम, आठ फुटांत मिलिमीटर शोधायला नाही. शिवाय आपल्याला जमिनीशी समांतर असण्याशी काही घेणं नाही. सगळं मिळून एका रेषेत असलं की झालं, मग ती रेषा नांदुऱ्याच्या 105 फुटी हनुमानाकडे थोडी वर का जाईना.

दुकानदार टेकूच्या जागी रोलर असलेला स्टँड दाखवतो. लाकूड सरसर सरकतं, आकर्षक वाटतं. माझं मत विरुद्ध आहे. फळी लांबीत चिरताना लाकूड चालतं, तिथे रोलर ठीक. मायटर सॉमध्ये कापताना लाकूड एका जागी असतं, ते सरकता कामा नये. त्यात रोलर फेन्सशी काटकोनात नसला तर लाकूड पुढे ढकलताना फेन्सपासून बाहेर जातं, सायकलचं हँडल वाकडं असल्यासारखं. सपाट ठोकळा ती गडबड करत नाही.

लोखंडी स्टँड हवाच असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जायला हरकत नाही, पण हिशोब करून जा. सव्वा इंची चौकोनी पाइप, 16 गेज म्हणजे 1.6 मिलिमीटर जाडीचा, मीटरला दीड किलो भरतो. पाइप वीस फुटी येतो. असे दोन नग, म्हणजे अठरा किलो. त्या दिवशीच्या भावाने गुणा आणि मजुरी वेगळी ठरवा. भाव महिन्यात बदलतो म्हणून आकडा लिहीत नाही. 18 गेजचा पाइप स्वस्त पडतो, पण वेल्डिंग करताना त्याला भोक पडतं आणि पाय कुठे तरी दबतो. 16 पेक्षा पातळ घेऊ नका.

माझ्या चित्रातले लांबवता येणारे हात मात्र मिस्त्रींनी खोडले, आणि त्याचंही गणित बरोबर निघालं. सव्वा इंची पाइपच्या आत इंची पाइप घालायचा, हा सगळ्यांना सुचणारा मार्ग. सव्वा इंच म्हणजे सुमारे 32, त्यातून दोन्ही भिंतींचे 3.2 वजा, आतली पोकळी 28.8. इंची पाइप 25 चा. मधे 3.8 मिलिमीटर झोल. हात 30 सेंटिमीटर आत आणि 90 बाहेर असेल तर टोक तिप्पट झोलाने, म्हणजे अकरा मिलिमीटरपेक्षा जास्त, खाली लोंबतं. वरून बोल्ट दाबला की एका बाजूचा झोल जातो, दुसऱ्या बाजूचा राहतो. तयार स्टँडवाल्या कंपन्या यासाठी वेगळ्या मापाचे पाइप काढून घेतात, म्हणून त्यांची किंमत. आपल्या दुकानात मिळतात ते गेट आणि ग्रिलसाठीचे पाइप.

तयार स्टँडमधली एक गोष्ट मात्र चोरण्यासारखी असते. स्टॉप. जाळीच्या चौकटीला समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सारख्या हव्यात. टेप लावून, पेन्सिलने खूण करून चारदा कापलं तर चारदा वेगळं येतं. पेन्सिलची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असते. त्याऐवजी फळीवर हव्या त्या अंतरावर एक ठोकळा शिकंज्याने घट्ट धरा, लाकडाचं टोक त्याला टेकवा आणि कापा. पहिली पट्टी मोजा, बाकीच्या मोजायच्याच नाहीत. दहा रुपयांच्या लाकडाने दहा हजारांच्या स्टँडचं निम्मं काम होतं. ठोकळ्याचा खालचा कोपरा थोडा तासून ठेवा, नाहीतर भुसा तिथे साचतो आणि तिसऱ्या कापापासून पट्टी भुशाला टेकते. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले की ती गुण्यात, म्हणजे काटकोनात.

मशीन फळीला आठ मिलिमीटरच्या चार बोल्टने पक्कं करा, खाली वॉशर आणि नायलॉनचं कडं असलेला नट. साधा नट थरथरीने सुटतो, आणि तो सुटल्याचं आधी कापाला कळतं, मग आपल्याला. काम झालं की फळीसकट मशीन उचलून आत. घोड्या एकात एक घालून भिंतीला. त्याच घोड्यांवर उन्हाळ्यात फळ्या टाकून कुरडया वाळतात, लग्नघरी ताटं ठेवायला नेतात, पोळ्याच्या आधी कुणी तरी रंगकामाला मागून नेतो. तयार स्टँड नुसता उभा राहतो.

विजेचं एकच सांगतो. साडेसोळाशे वॉटचं मशीन चालताना सात अँपिअर घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. पातळ तारेचा वीस मीटरचा बोर्ड ओढला की सुरुवातीलाच व्होल्टेज पडतो, मोटार गुरगुरते आणि पातं वेगाला येण्याआधीच आपण ते लाकडावर टेकवतो. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि पिन मोठी, सोळाची. आमच्याकडे संध्याकाळी शेतातले पंप आणि घरातले कुलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज आधीच खाली असतो, म्हणून सकाळचं काम बरं.

आणि दिवाळीनंतरच्या दिवसांत जरा जास्तच जपा. वऱ्हाडातल्या घरोघरी तेव्हा भाव येईपर्यंत खोलीत कापूस भरलेला असतो. याच मशीनवर लोखंड कापायची दगडाची चकती बसवून पाइप कापणारे महाभाग मी पाहिलेत. लाकडाच्या मशीनचं झाकण प्लास्टिकचं, मागे भुशाची कापडी पिशवी, आणि त्यात ठिणग्या. शेजारच्या खोलीत वीस क्विंटल कापूस असताना हे करू नये, एवढं सांगायलाही लाज वाटते. लोखंडाला वेल्डिंगवाल्याचं चौदा इंची कटर आहे. पाइप त्याच्याकडूनच तोडून आणा.

शेवटी मी घोड्याच केल्या. लाकूड बाभळीचं, जुन्या बंडीच्या साटीचं उरलेलं, वजनाला भारी आणि म्हणून जागचं न हलणारं. फळी प्लायची. मिस्त्री एका रविवारी आले, ठोकळ्यांवर पट्टा टाकून खालून डोळा लावला, काही बोलले नाहीत. मी पाच खिडक्यांच्या जाळीच्या चौकटी कापल्या. कोपरे असे भिडले की नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. कर्ण मोजले, पाचही गुण्यात.

चार बसल्या. पाचवी बसेना. वरच्या डाव्या कोपऱ्यात शिरली की खालच्या उजव्या कोपऱ्यात अर्धा इंच बाहेर. मी पुन्हा कर्ण मोजले. मिस्त्रींनी चौकट बाजूला ठेवली, टेप खिडकीच्या भोकात तिरका धरला, मग दुसरीकडून.

“खिडकीच गुण्यात नाई, सर,” ते म्हणाले, आणि पिशवीतून रंधा काढला.